पाथरवटाच्या भाकरीवरची मिरची

...तांदळाची भाकरी तव्यावर टाकायची, ती फुगेपर्यंत हिरवी मिरची मीठ लावून परतायची आणि दोन्ही यांच्या डब्यात भरायची. हे होते तेव्हा माझी सकाळ अशी असायची. मिरची विसरले की संध्याकाळी दारातूनच म्हणायचे, "आज उपास होता का गं?"

मैत्रिणींनो, जोगेश्वरीची गुंफा कोरणाऱ्या एका पाथरवटाची गोष्ट मी लिहितेय. काल संध्याकाळी तिथेच बसून शेजारच्या सुनंदाला पहिली पानं वाचून दाखवली. खांबांमधून ऊन हळूहळू सरकत होतं. माझा पाथरवट छिन्नी खाली ठेवून फडकं सोडत होता, भाकरीवरची मिरची आधी उचलत होता. मला तो खरंच दिसत होता.

"थांब गं," सुनंदा म्हणाली. "मिरची कुठून आणलीस? ती पोर्तुगीजांबरोबर आली. तुझा माणूस त्याच्या कितीतरी शतकं आधीचा."

"मग तिखटाला काय खाईल तो?"

"मिरी खाईल. त्याला काय फरक पडतो?"

त्याला नव्हता पडत, मला पडत होता. ती मिरची काढली, तर पाथरवट उरेल आणि हे जातील, असं वाटलं.

तुम्ही गोष्ट लिहिता तेव्हा आपलं माणूस तिच्यात कुठे ठेवता?

आज सकाळी मी मिरची खोडून मिरी लिहिली. मग पाथरवटाच्या बायकोला एक दिवस मिरी द्यायला विसरायला लावलं. संध्याकाळी तो घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "आज उपास होता का गं?"