नौपाड्यात अडकलेला ओव्हन

कॅफेतल्या त्या उंच खुर्च्या कुणी शोधून काढल्या, मला एकदा भेटायचंय त्या माणसाला. चढताना गुडघा कुरकुरतो आणि चढून बसलं की पाय लोंबकळतात. साठी ओलांडलेल्या तीन बायका पाय लोंबकळत ठेवून बसणार, आणि याला म्हणायचं निवांत गप्पा! कॉफी येते तीच मुळी नटून, वर दुधाचं पान काढलेलं. ते मोडायच्या आधी फोटो हवा, तोवर कॉफी कोमट. केकचा तुकडा एक, काटे तीन. गाणं इतक्या मोठ्यानं चालू की 'काय म्हणालीस?' याच्यापुढे गप्पा सरकतच नाहीत. वैताग नुसता!

आमची कॉफी अशी नव्हती हो. आम्ही तिघी ठाण्यात एकाच ऑफिसात, एकाच खिडकीजवळ नोकरी केली आणि पाठोपाठ रिटायर झालो. नावं सांगत नाही, सांगितली तर दोघी मिळून घरी भांडायला येतील. मी डोंबिवलीची, दुसरी कल्याणची, तिसरी नौपाड्याची. महिन्यातून एक शनिवार, दुपारी, कुणातरी एकीच्या घरी बसायचं. दुधाची, जायफळ घातलेली कॉफी आणि घरी भाजलेला केक. केकसाठी नोकरीत असतानाच तिघींत मिळून एक गोल ओव्हन घेतलेला, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. तो घरोघर फिरायचा. जिच्याकडे ओव्हन, तिच्याकडे बैठक. बैठक झाली की पिशवीत घालून पुढचीच्या हातात.

एकदा कल्याणवालीने कंटाळा करून बेकरीतला केक आणला, तेव्हा मी खवळले आणि नियमच करून टाकला. विकतचा केक चालणार नाही, टर्न चुकवायची नाही, आणि बैठक झाल्याशिवाय ओव्हन घरातून हलणार नाही. "हुकूमशहा आहेस," कल्याणवाली म्हणालेली. असू दे. शिस्त नसली की अशा गोष्टी दोन महिन्यांत बंद पडतात, हे मी बघितलेलं होतं.

आमच्यात खरी सुगरण नौपाड्याची. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातसुद्धा ती परवानगी वगैरे भानगडीत पडायची नाही. माझ्याकडे आली की चपला काढून सरळ ओट्याशी. "हा काय मसाल्याचा डबा आहे? जिऱ्यात मोहरी, मोहरीत जिरं!" असं म्हणत माझाच डबा आवरायची. माझं जायफळ तिला कधी पसंत नव्हतं, पर्समध्ये स्वतःचं घेऊन यायची. मी कॉफीत काही घालायला गेले तर हातावर चापट. "तू बाहेर बस. तुझं काम बोलायचं." माझ्याच घरात मला हाकलायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग तिची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी पाडली आणि त्या जागी टॉवर झाला. ती मुलासुनेबरोबर नव्या घरात गेली. ओव्हनही गेला, कारण टर्न तिची होती. आम्ही खूश, नवं घर बघायला मिळणार. पण शनिवार आला की काहीतरी निघायचं. फर्निचरचं काम चालू आहे. व्याही आलेत. सून घरून काम करते, तिची मीटिंग आहे. पुन्हा फर्निचर. शेवटी ग्रुपवर तिनेच लिहिलं, "घरी कशाला त्रास? कॅफेत भेटू या ना, छान मोकळं वाटतं." मोकळं! त्या खुर्चीवर!

दिवाळी गेली, संक्रांत गेली, ओव्हन नौपाड्यातच. मला वाटायला लागलं, बाईला नव्या घराची हवा लागली. आमचा पोचे पडलेला ओव्हन आणि आम्ही दोघी तिच्या त्या चकचकीत हॉलमध्ये शोभत नसू. कल्याणवाली म्हणाली, "अगं, सोड ना, आपण नवा घेऊ." सोड काय सोड? ओव्हनचा प्रश्न होता का? बैठक मोडली तर आम्ही तिघी वाढदिवसाला फुलांचे फोटो पाठवणाऱ्या बायका होणार होतो. तशा माझ्या फोनमध्ये ढिगानं आहेत. हिला त्यांच्यात जाऊ द्यायची नव्हती मला.

एका दुपारी न सांगता गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. ठाणे स्टेशनपासून चालत, डोक्यात भांडणाची सगळी वाक्यं तयार. खाली वॉचमनने वर विचारून सोडलं. दार सुनेने उघडलं. कानात हेडफोन, चेहऱ्यावर गोड हसू. "या ना काकू, बसा. आई, बघा कोण आलंय!"

माझी मैत्रीण हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी टोकाला बसलेली. स्वतःच्या घरात माणूस असं बसतं का? दवाखान्यात नंबर लावल्यासारखी! मला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली. "कॉफी टाकते हं."

"आई, बसा ना तुम्ही, मी करते," सून म्हणाली. अगदी प्रेमाने. माझी मैत्रीण बसली.

कॉफी मशीनमधून आली, बटण दाबून. सुनेने बिस्किटं दिली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि सॉरी म्हणत आपल्या मीटिंगला गेली. मुलीच्या वागण्यात तसूभर खोट काढता येईना. मी भांडायला आलेले आणि भांडायला समोर कुणी माणूसच नाही!

"आता बोल," मी म्हटलं. "ओव्हन कुठाय?"

ती मला मागच्या बाल्कनीत घेऊन गेली. वॉशिंग मशीनच्या मागे, त्याच कापडी पिशवीत ओव्हन. पुसून लख्ख ठेवलेला.

"मला कुणी काही बोलत नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली. "किचन तिने हौसेनं करून घेतलंय. पांढरा ओटा आहे, हळदीचा डाग पडतो. मी काही केलं की ती मागून पुसून घेते. बोलत नाही, फक्त पुसते. मग मीच विचारून करायला लागले."

"कॉफी करायलासुद्धा विचारतेस?"

"विचारावं लागत नाही," ती म्हणाली. "पण विचारते."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! तिच्यावर, सुनेवर, त्या पांढऱ्या ओट्यावर. "अगं मग सांगायचं ना! ओव्हन देऊन टाकायचा माझ्याकडे!"

"कसा देणार? बैठक झाल्याशिवाय हलत नाही. तूच म्हणालीस."

माझाच नियम. तो मोडायला नको म्हणून ही बाई कारणं रचत बसली, आणि आम्ही तिला शिष्ट ठरवून मोकळ्या. मी पिशवी उचलली. "या शनिवारी तुझी बैठक. माझ्या घरी. टर्न तुझी, ओटा तुझा. मी बाहेर बसणार, पाहुणी म्हणून." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "रवा जाड आण हं, बारीक नको." ऐकून मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, आली बाई ताळ्यावर.

शनिवारी ती वेळेआधीच आली. मी मुद्दामच ओट्यावर पसारा करून ठेवलेला, मसाल्याच्या डब्यात जिऱ्यात मोहरी मिसळून ठेवलेली. म्हटलं, ओरडू दे मला. कल्याणवाली आणि मी हॉलमध्ये पाय वर घेऊन बसलो. खूप दिवसांनी पाय वर घेऊन.

आतून आवाज आला. "अगं, हे मोठं पातेलं घेऊ का?"

"घे की!"

थोड्या वेळाने, "दही सगळं वापरलं तर चालेल?"

"चालेल गं!"

"गॅस लावू?"

कल्याणवालीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. केक भाजल्याचा वास हॉलभर पसरला, वेलदोड्याचा, जुना, ओळखीचा. वासाने काय होतंय? मला आतून शिवी हवी होती, डब्यावरून बोलणी हवी होती. शेवटी राहवेना, उठून आत गेले.

मसाल्याचा डबा जसाच्या तसा. उघडलेलासुद्धा नव्हता. ओटा मात्र लख्ख, आणि ती अजून पुसतच होती, पुसलेलीच जागा. कॉफीचं दूध वर येत होतं. तिच्या एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पर्समधून काढलेलं तिचं स्वतःचं जायफळ.

"जायफळ घालू ना गं?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस?" मी ओरडलेच. "ओटा तुझा आहे आज! चापट मार मला, हाकल बाहेर! पण विचारू नकोस!"

ती दचकली. मग हसली, "हो गं, हो, खरंच," म्हणाली. फडकं बाजूला ठेवलं, किसणी घेतली, जायफळ तिच्यावर टेकवलं आणि थांबली. दूध उतू जायला आलं तरी तशीच उभी, माझ्या तोंडाकडे बघत.

"मग," ती म्हणाली, "किसू?"