चालकाचा ताबा सुटल्याने

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता का लिहितो आहे? ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही वाचता आहात, एवढंच पुरे.

मी मुरूड भागातला वार्ताहर. रस्ते, जेटी, ग्रामपंचायती, बुडालेल्या होड्या आणि अपघात यांच्या बातम्या देतो. अपघाताच्या बातमीत एक ठरलेलं वाक्य असतं, ते तुम्हीही असंख्य वेळा वाचलं असेल — चालकाचा ताबा सुटल्याने. फार सोयीचं वाक्य आहे. त्यात ताबा आपोआप सुटतो. कुणी काही केलेलं नसतं.

माझी धाकटी बहीण उज्ज्वला, घरात उजू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा खाडीपलीकडे, दिघीच्या वरच्या डोंगरात. आमचं गाव अलीकडे, आगरदांड्याच्या बाजूला. तिचे यजमान उरणला कंटेनर यार्डात कामाला, सुट्टीला येणार आणि जाणार. म्हणून ती मुलीला घेऊन माहेरीच राहत असे. सकाळी मिनिडोर रिक्षाने धक्क्यावर, तिथून बोट, पलीकडे पुन्हा मिनिडोर मिळाला तर मिळाला, नाहीतर पायी चढ. असं तिचं चालायचं. कुरकुर केलेली मला आठवत नाही.

मग तिला केंद्रप्रमुख होण्याची संधी आली. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांवर देखरेख. शाळा डोंगरात विखुरलेल्या, बसचा भरवसा नाही. आधीचे केंद्रप्रमुख मोटरसायकलवर फिरत. उजू म्हणाली, "मी गाडी घेते." आमच्या वस्तीत तोवर कुणाकडे चारचाकी नव्हती. माझ्याकडे तर नव्हतीच.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलं असं वाटेल. तसं नाही. मी थोरला, मी आधी शिकलेला, माझं नाव पेपरात छापून यायचं. आणि वस्तीत गाडी आणणार होती उजू.

तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढलं. एकाच गोष्टीची तिला धास्ती होती. चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की तिचा गोंधळ उडे. क्लच, ब्रेक, हँडब्रेक, सगळं एकदम सांभाळायचं. पाय दोन आणि कामं तीन, असं ती हसत म्हणायची. म्हणून तिला बिनक्लचची ऑटोमॅटिक हवी होती. अलिबागच्या शोरूममध्ये तशी एक पांढरी गाडी तयार उभी होती. विक्रेत्याने तिला चालवायला दिली. तिने आवारात दोन फेऱ्या मारल्या, मागच्या अंगाला थोडा चढ होता तिथे थांबवली, पुन्हा काढली, आणि खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा — तो चेहरा मला अजून दिसतो. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी होता तसा.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "ही गाडी आपल्याकडची नाही. डोंगरात ऑटोमॅटिक फसते. गिअरची घे. सुरुवातीला त्रास होईल, पण एकदा हात बसला की बसला."

ती म्हणाली, "दादा, पण चढावर?"

"मी आहे ना."

मला गाड्यांतलं कळतं असं घरात सगळे धरून चालायचे, कारण मी अधूनमधून ऑफिसची जीप चालवत असे. आणि डोंगरात ऑटोमॅटिक फसते हे खोटं होतं. एका मित्राची तशी गाडी मी घाटात स्वतः चालवली होती. चढावर ती निमूट उभी राहिली होती. मग मी तसं का सांगितलं? ही नवशिकी आहे, गिअरशी झटेल, चारदा गाडी बंद पाडेल, कंटाळेल, आणि चावी माझ्याकडे येईल — असा विचार मी केला होता का? शब्दांत केला नव्हता. पण विक्रेत्याने "मग गिअरचीच काढू ना?" असं विचारलं, तेव्हा तिच्याआधी मी मान हलवली.

गाडी आली. वस्तीतल्या बुद्धविहारासमोर उभी केली. आईने हार घातला, पोरांनी बोनेटला हात लावून पाहिले. बायका म्हणाल्या, उजू मॅडमची गाडी आली. मी फोटो काढत होतो.

उजूने घाई केली नाही. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर ती सराव करायची. चढ सोडला तर तिला सगळं जमू लागलं. मग एके दिवशी शाळेला गाडी न्यायची ठरली. तिने मला सोबत बोलावलं. मी डावीकडे बसलो.

आमच्या बोटीची एक रीत आहे, ती सांगायला हवी. बोटीवर गाड्या उलट्या चढवतात. रिव्हर्समध्ये रॅम्प उतरायचा, फळीवरून आत जायचं, खलाशी हात करील तिथे थांबायचं. त्यामुळे पलीकडच्या धक्क्याला गाडीचं तोंड सरळ पुढे असतं. उलटं जाणं नवशिक्यांना जमत नाही. बरेच जण चहापाण्याचे पैसे देऊन खलाशालाच चावी देतात. उजूने दिली नाही. मान वळवून, दोन्ही आरशांत बघत, एकदाही न थांबता तिने गाडी आत नेली.

खलाशी म्हणाला, "ताई, पहिलीच वेळ ना? मग आमचं पोट भरायचं कसं?"

लोक हसले. उजूही हसली. मीही हसलो — पण ते मला सललं. त्याला नाव द्यायला मी कचरत आलो. मत्सर. धाकट्या बहिणीचा.

दिघीला बोट लागली तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला रॅम्प उभा होतो आणि त्याचा खालचा भाग शेवाळलेला असतो. आमच्या पुढची गाडी वर जाऊन थांबली. वरून कुठला तरी टेम्पो खाली येत होता. म्हणजे आम्हाला चढाच्या मध्यावर थांबणं आलं. मागे मोटरसायकली. अगदी मागे लागून इकबालभाई, दोन्हीकडच्या दुकानांना पाव पोचवणारे, गाडीवर पावाचे क्रेट बांधलेले.

उजूने सगळं बरोबर केलं. हे मी बातमीदार म्हणून सांगतो, भाऊ म्हणून नाही. पायाने ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. पहिला गिअर टाकला. पुढची गाडी निघाली तशी ब्रेकवरचा पाय उचलून ती क्लच हळूहळू सोडू लागली. क्लच लागला की गाडी थरथरते, मग हँडब्रेक सोडायचा, असं तिला शिकवलेलं होतं. ती त्या थरथरीची वाट बघत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "काय वो ताई, बोटीत परत जायचा इचार हाय का?"

ती म्हणाली, "थांब दादा, अजून लागला नाही."

आणि मी हँडब्रेक सोडला.

मला ऐकू आलं नव्हतं का? आलं होतं. हॉर्नने घाबरलो होतो का? नाही. मदत करत होतो का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की तो गुळगुळीत झाला आहे. माझं बोट लिव्हरच्या बटणावर होतं, कानात तिचं वाक्य होतं, आणि मी लिव्हर खाली नेला.

गाडी मागे घसरली. मागे काहीतरी आदळलं, कुणी किंचाळलं. मी तोच हँडब्रेक पुन्हा करकचून ओढला, आणि गाडी थांबली. लोकांनी पाहिलं ते एवढंच. ताईंनी गाडी सोडली, भावाने थांबवली.

"दादा व्हते म्हणून वाचलं," एक जण म्हणाला. मी दार उघडून खाली उतरलो.

इकबालभाईंचा पाय त्यांच्याच मोटरसायकलखाली आला होता. घोट्याचं हाड मोडलं. पाव ओल्या रॅम्पवर पसरले आणि पाण्याकडे घरंगळत गेले. उजू त्यांच्याशेजारी शेवाळात बसून राहिली, त्यांचा हात धरून. ते तिलाच समजावत होते, "रो मत बेटा, नवीन गाडी आहे, होतं." पुढे ती त्यांच्या घरी जात राहिली, माफी मागत राहिली. प्लास्टर निघालं, तरी पावसाळ्यात ते अजून थोडे लंगडतात.

त्या दिवशी दुपारी मी बातमी दिली. देणं भाग नव्हतं. एवढ्याशा गोष्टीची बातमी कुणी मागितली नसती. मी दिली. नवशिक्या महिला चालकाचा ताबा सुटल्याने बोटीच्या रॅम्पवर अपघात, एक जखमी. नाव टाकलं नाही. चार ओळी होत्या. वाक्यरचनेत एकही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी ते कात्रण शिक्षकांच्या ग्रुपवर फिरलं. खाली हसणारे चेहरे. एका गुरुजींनी लिहिलं, मॅडम, खडूच बरा.

उजूने मला शाळेतून फोन केला. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "नाव नाही टाकलंस दादा. उपकार झाले."

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, कबुली झाली. नाही. ती आता येते.

संध्याकाळी शाळेतून परतल्यावर ती माझ्याजवळ आली. पडवीत बसली. ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? हँडब्रेक मी सोडला का रे? मला आठवतच नाही. मी सोडल्याचं आठवत नाही."

ती भांडायला आली नव्हती, हे लक्षात घ्या. तिला संशय नव्हता. स्वतःच्या हातांनी काय केलं एवढंच तिला विचारायचं होतं, आणि जो शेजारी बसला होता त्याला ती विचारत होती. त्या क्षणी खरं सांगणं किती सोपं होतं. तीन शब्द. आत आई भाकऱ्या थापत होती, तिलाही ऐकू गेले असते.

मी म्हटलं, "हो. तूच. घाईत होतं तसं."

तिने मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाली. आणि उठून आईला भाकऱ्या करू लागायला गेली.

त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. केंद्रप्रमुखपद नको म्हणून लिहून दिलं. ते सेवाज्येष्ठतेत तिच्यानंतरच्या मॅडमना मिळालं. त्या ऑटोमॅटिक गाडीतून फिरतात आणि उजूच्या शाळेची तपासणी करायला येतात. उजू त्यांना चहा देते. उजूची गाडी महिनाभर मांडवात उभी राहिली. मग तिने चावी आणून दिली. "दादा, तुला फिरावं लागतं बातम्यांना. तूच वापर." मी नको म्हटलं — एकदा. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

आज मला गाडीवाले पत्रकार म्हणतात.

सवड असते तेव्हा मी तिला शाळेवर सोडतो. परवाही गेलो होतो. ओहोटी होती. दिघीला बोट लागली, पुढची गाडी चढावर अडली, मी थांबलो आणि हँडब्रेक ओढला. उजूने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली. त्या रॅम्पवर ती नेहमी असंच करते. अशी का बसतेस, असं मी मागे एकदा तिला विचारलं होतं. ती हसली होती. म्हणाली होती, "माझ्या हातांचा भरवसा नाही रे, दादा."

पुढची गाडी निघाली. क्लच लागला, गाडी थरथरली. मी हँडब्रेक सोडला. गाडी इंचभरही मागे आली नाही.