निकोसमामाचं खोरं

ऑफिसच्या बसमध्ये चढत होते, तेवढ्यात आत्याचा फोन आला. ती नर्स आहे. वाईट बातमी लांबवू नये हे तिला माहीत असतं. “निकोस गेला गं. झोपेतच,” ती म्हणाली. मग मी विचारलं, “आबांना कळलं?” ती म्हणाली, “तुझे पप्पा रानात गेलेत सांगायला.” आणि मग तिला रडू आलं.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. निकोसमामा ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावचा. आत्या आखातात नोकरीला होती, तेव्हा तो तिथल्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायचा. त्याआधी तो स्वतः खेळायचा. मिडफिल्डर होता. गुडघा निकामी होईपर्यंत त्याने दुसरं काहीच केलं नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं बारामतीत राहायला आली आणि सुटी मिळाली की अंथुर्ण्याला, आमच्या घरी येऊ लागली. मामाचं इंग्रजी मोडकंतोडकं, आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ते अजिबात येत नाही. आत्या आली की स्वयंपाकघरात अडकायची, आणि घरात इंग्रजी शाळेतली मी एकटी. त्यामुळे चारचौघांत तोंड न उघडणारी मी त्या दोघांच्या मध्ये बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायला लागले.

पहिल्याच भेटीत आबांनी त्याचा खेळ बघायला मागितला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली एकच चित्रफीत आत्याच्या मोबाइलवर होती, तीही धुरकट. चेंडू मधून डावीकडे जातो, तिथून पुढे जातो, आणि एक उंच खेळाडू गोल मारतो. सगळे त्याच्या अंगावर उड्या मारतात.

“ह्यात पाव्हणं कुठंत?” आबांनी विचारलं.

मामाने सुरुवातीला बोट ठेवलं. तिथे पाठमोरा एक जण होता. त्याने चेंडू डावीकडे दिला आणि स्वतः चित्राच्या चौकटीबाहेर गेला.

“मग गोल कुणी केला?”

“दुसऱ्याने,” मी भाषांतर केलं.

“मग ह्यांनी काय केलं?”

याचं इंग्रजी मी केलं नाही. पण मामाला कळलं असावं, कारण तो मोठ्याने हसला. आबा मात्र हसले नाहीत. माणूस चांगला आहे, पण त्याने आयुष्यभर नेमकं काय केलं, हे त्यांना उमगत नव्हतं.

मान मात्र त्यांनी कधी कमी केला नाही. धोंड्याच्या महिन्यात मामाला पाटावर बसवलं, नवे कपडे दिले, टोपी घातली, पुरणाचे धोंडे वाढले. जेवण झाल्यावर मामा आपलं ताट उचलून मोरीकडे निघाला, तर घरभर आरडाओरडा झाला. “अहो पाव्हणं, ठेवा, ठेवा!” आबांनी ताट जवळजवळ हिसकावूनच घेतलं. मामा तसाच उभा राहिला. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

परत जाताना ते मलाही बारामतीला घेऊन निघाले, आणि वाट वाकडी करून आम्ही भिगवणला मासे खायला थांबलो. मासा समोर आला की मामा एरवी गप्प असायचा. त्या दिवशी मात्र काटा काढत मला म्हणाला, “बाकावर बसवलेल्या खेळाडूलाही चांगलं जेवायला मिळतं. पण त्याला खेळायचं असतं. तुझे आबा मला कधी आत घेतील?” जावयाला कामाला लावलं तर गाव काय म्हणेल, हे मला त्याला समजावून सांगता आलं नसतं.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. शेतीची वीज त्या आठवड्यात दिवसाची होती, पप्पा बारामतीला गेले होते, आणि आबा एकटेच उसाला दारं धरत होते. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरत आली की खोऱ्याने माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पाणी पुढच्या सरीत वळवायचं. मामासाठी आबांनी बांधावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. मी शेजारी उभी होते. मामा मान वळवून सारखा मागे बघत होता. ही त्याची जुनी सवय. चहाचा कप हातात घेण्याआधीसुद्धा तो एकदा मागे बघायचा. मला एकदा म्हणाला होता, “चेंडू आल्यावर बघायला वेळ नसतो. आधीच बघून ठेवायचं. तू तसं करतेस. कुणाच्या घरात शिरलीस की गप्प उभी राहून आधी सगळं बघून घेतेस.” माझ्या बुजरेपणाबद्दल कुणी पहिल्यांदाच काही चांगलं बोललं होतं.

तर मागे बघता बघता तो एकदम उठला. आबांच्या पाठीमागे पाट फुटला होता आणि पाणी शेजारच्या रानात चाललं होतं. बूट काढून मामा चिखलात उतरला आणि पावलाच्या आतल्या बाजूने माती लोटत भगदाड बुजवायला लागला.

“अहो पाव्हणं, चिखल हाय! पोरी, सांग की त्यांना!”

मी काहीच सांगितलं नाही. आबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. पाणी थांबलं. मग त्यांनी हातातलं खोरं पुढे केलं.

“धरा.”

त्यानंतर माझी कुणाला गरज पडली नाही. आबा हनुवटीने सरी दाखवायचे, मामा आधी मागे, मग पुढे बघून पाणी वळवायचा. वीज जाईपर्यंत ते चाललं. खुर्चीवर मी बसून होते.

संध्याकाळी आबा आत्याला म्हणाले, “ते फोनातलं परत दाव.” या वेळी त्यांनी गोलाकडे पाहिलंच नाही. त्या पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवून म्हणाले, “बघ, पाणी याच्याकडं यायच्या आधीच यानं वळून बघितलंय, कुठली सरी कोरडी हाय ते.” मी भाषांतर केलं. मामाने फोन हातात घेतला आणि तेवढाच भाग पुन्हा लावला.

पुढच्या वेळी येताना त्याने पांढरी चिकटपट्टी आणली, खेळाडू घोट्याला बांधतात ती, आणि एका खोऱ्याच्या दांड्याला घट्ट गुंडाळली. तेव्हापासून ते खोरं त्याचं झालं.

पप्पा बातमी घेऊन रानात गेले, तेव्हाही आबा दारंच धरत होते. पप्पा सांगतात, आबांनी सगळं ऐकलं, भरलेली सरी बंद केली, पाणी पुढच्या सरीत सोडलं आणि मग खाली बसले.

गेल्या रविवारी मी अंथुर्ण्याला गेले होते. आबांबरोबर पाण्याच्या मोटारीच्या खोलीत शिरले, तर ते खोरं कोपऱ्यात उभं होतं. पट्टी आता मातकट झालीय, एक टोक सुटलंय. मी ते अंगठ्याने दाबून बसवत होते, तेवढ्यात शेजारचे तात्या दारात आले.

“आबा, आमच्या खोऱ्याचा दांडा मोडलाय. ते पाव्हण्याचं पडूनच हाय, ते न्हेऊ का?”

“पाव्हण्याचं न्हाय ते,” आबा म्हणाले. “घरच्या माणसाचं हाय. तुमी माझं न्ह्या.”

आपलं खोरं तात्यांच्या हातात देऊन ते पाटाकडे निघाले. थोडं पुढे जाऊन थांबले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “ते घेऊन ये. आज तू धर.”

मी कधीच दारं धरली नव्हती. पट्टीवर मामाच्या बोटांचे खळगे होते, माझ्या हातांना जरा मोठेच. पाटातून पाणी येताना दिसलं. ते पोचायच्या आत मी मान वळवून मागे बघितलं.