कानामागची तीट

आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या बाई कुठल्याच लेकराला चांगलं म्हणत नाहीत. वजनाच्या दिवशी शेजारणीचं गुबगुबीत पोर झोळीत ठेवलं, तरी त्यांचं ठरलेलं, "काऊन वं, लेकरू वाळून राहिलं." तोंड असं, पण लेकरू खाली उतरेपर्यंत त्यांचा हात झोळीखालून हलत नाही.

माझी धाकटी खरंच वाळली होती. बाई भर उन्हात घरी यायच्या आणि न विचारता पातेल्यावरचं झाकण उचलायच्या. "नुसती पेज नोको देऊ. वरून तेल टाक, अंडा खाऊ घाल." मला राग यायचा, पण त्यांच्यासमोर पातेलं झाकायची हिंमत नव्हती.

परवा पोरीला पुन्हा झोळीत बसवलं. बाई काट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "वाळूनच राहिली," म्हणाल्या नेहमीसारख्या. मग स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्यांनी पोरीच्या कानामागे तीट लावली. वाळलेल्या पोरीला कोणाची नजर लागणार?

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली बाई?"

"वाळूनच राहिली म्हणे," मी हसू दाबत म्हटलं आणि पोरीचे केस कानामागून हलकेच बाजूला केले, तीट पुसली जाऊ नये म्हणून.