जुनी इमेज काढ!

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कप हातात आल्यावर नको. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होते, तर आमच्या मावशीच्या नाकातून चहा आला होता! आणि माझा मूर्खपणा तसा साधासुधा नाही बरं का. मी एका अख्ख्या कॉलेजची इमेज पुसून टाकली. खोटं वाटतं? दोन बोटांनी, भर सकाळी.

थांबा, सुरुवातीपासून सांगते.

मी नांदेडला रशीदचाचांच्या दुकानात नेटवर्कचं काम करते. चाचांनी शाळा, बँका, दवाखाने कुठं कुठं वायरी ओढल्यात याचा त्यांनाही हिशेब लागत नाही. त्यांच्याकडे मला दीड वर्ष झालं होतं, पण एकटीनं काम म्हणाल तर एकही नाही. कायम चाचा पुढं आणि मी मागं वायरींचं वेटोळं घेऊन.

घरी वेगळीच तऱ्हा. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते जगात मुलीनं करावी अशी नोकरी एकच, मास्तरणीची. बी.एड.चा फॉर्म त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात भरून टेबलावर ठेवला होता. फक्त माझी सही बाकी. महिनाभर भांडून शेवटी तह झाला.

"एक काम एकटीनं करून दाखव," अण्णा म्हणाले. "जमलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्यानं सही."

आणि ते एक काम निघालं लोह्याचं.

लोह्याच्या एका कॉलेजला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र हवं होतं. प्राचार्य सर दोन वर्षं त्याच्या मागं लागले होते. रविवारी दुपारी चार वाजता पाहणी करणारे साहेब येणार, लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एका वेळी चालताना बघणार, मग केंद्र मिळणार. नाही मिळालं तर, नांदेडची केंद्रं भरलेली म्हणून, तालुक्यातल्या पोरांनी परीक्षेला लातूर गाठायचं. आणि नेमका लॅबचा स्विच दोन-तीन दिवसांनी अडून बसायचा.

स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे हं! सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या लोखंडी डब्यात येऊन मिळतात, तो. त्या डब्याच्या पोटात एक छोटं कपाट असतं, त्याला म्हणायचं फ्लॅश. आणि त्या कपाटात एक मोठी फाईल असते, तिला म्हणायचं इमेज. डबा चालू झाला की आधी ती फाईल वाचतो आणि मग त्याला कळतं की आपण कोण, आपलं काम काय. फाईल नसेल तर? तर तो नुसता लोखंडी डबा. पोहे ठेवा त्यात.

जुन्या इमेजमध्ये खोट होती, म्हणून नवी टाकायची. एवढंच काम. चाचांना त्या दिवशी देगलूरला भाचीच्या सोयरिकीला जायचं होतं. ते म्हणाले, "तू जा बेटा. तुला येतं सगळं."

बघा, माझ्यावर जगात एका माणसाचा भरवसा होता, आणि तोही त्या दिवशी देगलूरच्या रस्त्यावर.

रविवारी सकाळी दहाला मी लॅबमध्ये. सोबत लॅबचे शिपाई केंद्रे मामा. लॅपटॉप जोडला, स्विचला पेनड्राइव्ह लावला, नवी इमेज कॉपी करायला गेले, तर डबा म्हणतो जागा नाही. कपाट भरलेलं! लावला चाचांना फोन. रेंज अशी की एक शब्द येतोय, दोन जातायत.

"चाचा, फ्लॅशमध्ये जागाच नाही!"

"नसणारच. जुना डबा हाय तो. घाबरू नको. पहिले जुनी इमेज काढ, मंग नवी टाक."

"जुनी काढू?"

"हाव, काढ की! ती काढल्याबिगर नवीला हात लावू नको. न्हाई तर फसशील."

इतकं स्पष्ट सांगितल्यावर कुणी काय करेल? मी काढली. पुसली! डब्यानं दोनदा विचारलं, नक्की पुसू का? मी दोनदा हो म्हटलं. केवढा आत्मविश्वास!

आणि गंमत ऐका. स्विच मजेत चालू! कारण चालू डबा ती फाईल आधीच वाचून डोक्यात घेऊन बसलेला असतो. कपाट रिकामं झालं तरी त्याला पत्ता नाही. मला वाटलं, हे तर फारच सोपं आहे, चाचा उगीच दीड वर्ष मला वायरी उचलायला लावतात. नवी इमेज टाकली आणि डबा बंद करून पुन्हा चालू केला.

मामांनी स्टुलावर बसकण मारली. मीही बसले. एक मिनिट. पाच मिनिटं. दिवा हिरवा व्हायला हवा होता, तो पिवळाच. स्क्रीनवर लिहून आलं, इमेज अपुरी आहे, चालू होता येत नाही.

अपुरी? अपुरी कशी?

मग आठवलं. आदल्या दिवशी दुकानात ही फाईल पेनड्राइव्हवर घेत होते आणि घरी जायच्या घाईत शेवटी शेवटी पेनड्राइव्ह ओढून घेतला होता. झालीच असेल, म्हटलं! आता चांगली फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर, दुकानाची किल्ली चाचांच्या खिशात आणि चाचा देगलूरला. आणि जुनी? ती तर मी पुसलेली.

डोळ्यांपुढं बी.एड.चा फॉर्म नाचायला लागला. मी पुन्हा फोन लावला, रेंज नाही म्हणून तीन तास लावतच राहिले, शेवटी लागला तेव्हा खिडकीत अर्धी बाहेर लटकून ओरडले, "चाचा, इमेज गेली! मी पुसली!"

तिकडून चाचांचा आवाज चढला, "पुसली? अरे, काढ म्हटलं होतं मी!"

"मग काढलीच ना!"

"काढ म्हणजे कॉपी काढ! लॅपटॉपवर काढून ठेव! झेरॉक्स काढतो तशी!"

आता तुम्हीच न्याय करा. झेरॉक्स काढ म्हटलं की एकाचे दोन करायचे, आणि कचरा काढ म्हटलं की एकाचं काहीच ठेवायचं नाही. शब्द तोच! दीड वर्ष त्यांच्या हाताखाली काम केलेली मी, आणि मला नेमका कचराच आठवावा?

पण खरी गंमत अजून पुढंच आहे. मी वळून बघते तर दारात प्राचार्य सर उभे. चेहरा पांढराफटक.

"इमेज गेली?" सरांनी विचारलं. "कॉलेजची?"

"हो सर. माझ्याच हातून पुसली गेली."

"अहो, तीस वर्षं लागली ती इमेज उभी करायला!"

मला वाटलं सरांना फाईलबद्दल फारच माहिती दिसते. मी म्हटलं, "सर, घाबरू नका, तशीच दुसरी आणून टाकते. पेनड्राइव्हमध्ये मावते."

"पेनड्राइव्हमध्ये?" सर भिंतीला टेकले. "आमची इमेज?"

केंद्रे मामा मधे पडले. "सर, ह्या डब्याची इमेज म्हणून राहिल्या त्या. कॉलेजची न्हाई." पण सरांपर्यंत ते पोचलंच नाही. ते संस्थेच्या अध्यक्षांना फोन करायला बाहेर पडले होते. "साहेब, नांदेडहून एक मुलगी आलीय, तिनं आपली इमेज..." एवढंच मला ऐकू आलं. एवढं पुरे होतं म्हणा.

इकडं फोनवर चाचा ओरडत होते. "रडू नको! त्या कॉलेजात अजून एक डबा हाय, सेम टू सेम. मीच लावलाय. मुलींच्या हॉस्टेलवर. त्याची इमेज काढ!"

मी फोन कानापासून लांब धरला.

"चाचा, काढू म्हणजे काय करू?"

"कॉपी कर बेटा, कॉपी! त्याची तिथंच राहू दे! पुसलीस तर मी सोयरीक सोडून येईन!"

मी आणि मामा पळत हॉस्टेलवर. दारात रेक्टर बाई. आणि कॉलेजात बातमी आमच्यापेक्षा वेगानं पळत होती.

"तुम्हीच का त्या," बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "कॉलेजची इमेज घालवली त्या?"

"तसं नाही हो मॅडम. मला फक्त आत येऊ द्या. हॉस्टेलची इमेज काढायची आहे."

"काय काढायचंय?"

"इमेज. पाच मिनिटांत काढते आणि घेऊन जाते."

बाईंचा आवाज असा चढला की वरच्या मजल्यावरच्या मुली कठड्याला आल्या. "मुलींच्या हॉस्टेलचे फोटो काढायचेत? आणि घेऊन जायचेत? कुणाची परवानगी आहे? मोबाइल दाखवा आधी!"

देवा रे! एकाच दिवसात 'काढ'चा तिसरा अर्थ! मी समजवायला गेले की तशी इमेज नाही, फ्लॅशमधली इमेज आहे. झालं, बाई म्हणाल्या, "फ्लॅश मारून काढणार?" वर मुली फिदीफिदी हसायला लागल्या. मी रडायचीच बाकी होते. घड्याळात दोन वाजून गेलेले.

शेवटी मामा पुढं झाले. "बाई, माझं ऐका. लॅबातला डबा येडा झालाय. त्याला सोताचं नाव आठवंना. तुमच्या हितला डबा शाणा हाय. शाण्याची अक्कल उतरून घ्यायची अन् येड्याच्या डोक्यात घालायची. एवढंच काम हाय. फोटो न्हाई न् काही न्हाई."

बाई दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "असं सरळ सांगायचं ना!"

आता बघा, मी चार वर्षं इंजिनियरिंग केलंय. स्विच म्हणजे काय हे इतक्या कमी शब्दांत मला एकाही सरांनी सांगितलं नव्हतं.

आत गेले. प्रत्येक अक्षर टाईप केलं की मामांना वाचून दाखवत होते, का तर पुन्हा काही पुसायला नको. कॉपी झाली. मी फाईल पूर्ण आलीय का हे एकदा तपासलं, दोनदा तपासलं. पेनड्राइव्ह काढायला गेले तर मामा म्हणाले, "थांबा मॅडम, घाई करू नका." पळता पळता मी त्यांना कालची घाई सांगितली होती, ती त्यांनी बरोबर लक्षात ठेवली होती.

लॅबमध्ये येऊन डब्याला पेनड्राइव्हवरूनच चालू व्हायला सांगितलं. प्राचार्य सर येऊन मागं उभे राहिले. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन... आणि दिवा हिरवा! मग एकेका वायरीचा दिवा लागत गेला, एक रांग, दुसरी रांग, आणि लॅबमधले कॉम्प्युटर एकामागून एक जागे झाले. मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. कशासाठी ते त्यांना अजून नीट कळलेलं नव्हतं, पण माणूस मनानं चांगला.

मग अपुरी फाईल पुसून ही पूर्ण फाईल कपाटात नीट ठेवली, आणि एक कॉपी लॅपटॉपवर काढली. काढली म्हणजे कॉपी केली! ही इमेज जुनीच, पण दोन दिवस तरी अडणार नव्हती; नवी इमेज पुढच्या रविवारी, चाचांच्या किल्लीसकट.

साहेब चारला दहा मिनिटं कमी असतानाच आले. सगळे कॉम्प्युटर फिरून बघितले, दोन-तीन ठिकाणी बसून बघितले, आणि म्हणाले, "व्यवस्था चांगली आहे. केंद्राला हरकत नाही." प्राचार्य सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "आली म्हणायची इमेज परत," ते म्हणाले. ते कुठल्या इमेजबद्दल बोलत होते, मी विचारलं नाही. लोह्याच्या पोरांना आता परीक्षेसाठी लातूर गाठावं लागणार नाही, या आनंदात मी चहाचे दोन कप प्यायले.

संध्याकाळी चाचांचा फोन. सोयरीक जमली होती. "पुढच्या महिन्यात देगलूरच्या शाळेचं काम हाय," ते म्हणाले. "तूच जा. चुकली त्याचं काही न्हाई. रडत बसली न्हाईस, डबा उठवूनच बाहेर पडलीस." मला एकदम भरून आलं. बसमध्ये शेजारच्या आजींनी विचारलंसुद्धा, काय झालं माय? मी म्हटलं, काही नाही, चांगलंच झालंय.

घरी आले तर अण्णा ओसरीवर. हातात तो फॉर्म, खिशाला पेन. खोटं बोलावं असं मनात आलं होतं, कशाला लपवू? पण त्यांच्यापुढं जमत नाही. सगळं सांगितलं. चाचांचं काढ, माझं काढ, रेक्टर बाईंचं काढ. अण्णा एकदाही हसले नाहीत. पेपर तपासतात तसा चेहरा.

ऐकून झाल्यावर त्यांनी तो फॉर्म घेतला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला.

मी आनंदानं उडीच मारली. "म्हणजे मी पास? अण्णा, मी एकटीनं केलं ते पटलं तुम्हाला?"

"तुझ्या कामातलं मला काय कळतं?" अण्णा म्हणाले. "पण या जिल्ह्यातल्या पोरांना मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलीय. तुला वर्गात उभी करून त्यावर पाणी फिरवू का? तू आपली डब्यांनाच शिकव, माय. त्यांना मराठी कळत नाही."