कौसाबाईचा ओळंबा

शाळेच्या नव्या खोलीची भिंत चढतेय. काल तिथं थांबलो, तर कौसाबाई एक डोळा मिटून, ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ आहे का ते तपासत होती. बावीस वर्षं तिनं माझ्या हाताखाली घमेली वाहिली. मग प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली, वर्गातल्या बाईंनी गवंडीकामाच्या ट्रेनिंगला धाडलं आणि ट्रेनिंगवाल्यांनी थेट या कामावर. पायरीवर पायरी कुणी बांधूनच ठेवली होती जणू. त्या वर्गाला मलाही बोलावलं होतं. मी म्हणालो, "वाचून भिंत सरळ होते व्हय?"

आता तिला सगळे मिस्त्री म्हणतात आणि मी आतून जळतो. पण असा डोळा मिटायला कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. ती लकब माझी आहे.

मला बघून ती म्हणाली, "मिस्त्री, बघा की, सरळ हाय का?"

"डावीकडं झुकलीय."

तिनं परत ओळंबा सोडला, दोरी हलायची थांबेपर्यंत वाट पाहिली आणि हसली. "ओळंबा खोटं बोलत न्हाई, असं तुम्हीच सांगायचा."

मी निघालो. भिंत सरळच होती. मला ते तिच्याआधी दिसलं होतं.