चौदाव्या मिनिटाला बंद पडणारी गाडी

बर्फ मी फ्रीजरमध्ये पाहिलाय, उसाच्या रसात पाहिलाय आणि एकदा मनालीला पाहिलाय, तोही लोकांनी तुडवून चिखल केलेला. तरीही गेल्या हिवाळ्यात तीन दिवस मी सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून कॅनडातला बर्फ काढत होतो. म्हणजे काढत होती माझी ताई, मी फक्त फोनवर बोलत होतो. अशा माणसाला आपल्याकडे उंटावरचा शहाणा म्हणतात, आणि माझ्या बायकोनं पहिल्याच सकाळी तसं म्हणूनही घेतलं.

ताई एकसष्ट वर्षांची. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी, त्यामुळे अर्धी बहीण आणि अर्धी आई. लग्नाआधी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवायची, मग दाजींबरोबर कॅनडाला गेली. शहरापासून चार तासांवर, जिथे शेजारी बघायचा तर गाडी काढावी लागते अशा ठिकाणी त्यांनी घर घेतलं. दाजी त्याआधीच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेले. तेव्हापासून माझा भाचा तिच्या मागे लागला होता, की घर विकून शहरात त्याच्याजवळच्या अपार्टमेंटमध्ये ये. ताई नको म्हणायची. शेवटी दोघांची शर्त ठरली. हा हिवाळा ती एकटी राहणार आणि घराच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा दोनशे फुटांचा ड्राइव्हवे स्वतः साफ करणार. कंत्राटदार लावायचा नाही, मुलानं येऊन करायचा नाही. एकदा जरी रस्ता बंद राहिला तरी घर विकायला काढायचं, ती मुकाट सही करणार. शर्त तिनंच घातली होती. ताईनं स्वतःसाठी नियम केले की ते शाळेच्या नियमांपेक्षा कडक असतात.

बर्फ काढायला दाजींची एटीव्ही होती. चार जाडजूड टायर, स्कूटरसारखं हँडल आणि पुढे लोखंडी पातं, अशी जुनी गाडी. पहिले दोन हलके बर्फ तिनं दहा-दहा मिनिटांत ढकलले आणि मला फोटो पाठवले. मग जानेवारीत गुडघाभर पडला. गुरुवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तिच्या बुधवारच्या संध्याकाळी, तिचा फोन आला.

"अरे, गाडी चालता चालता बंद पडतेय. पंधरा मिनिटं छान चालते, मग आचके देते आणि मरते. अर्ध्या तासानं परत सुरू होते, जसं काही झालंच नाही."

मला आनंद झाला, हे आत्ताच कबूल करतो. पुण्यात बारा वर्षं मी एक स्कूटर स्वतःच्या हातानं जिवंत ठेवली होती, आणि त्या भांडवलावर घरात आजही मेकॅनिक म्हणून मिरवतो. शिवाय चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या सिस्टिम बंद पडल्या की त्या का पडल्या हे शोधणं हीच माझी नोकरी. म्हणजे हा तर माझाच विषय. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या मी तिला यादी पाठवली. पेट्रोल बघ. चोक पूर्ण आत आहे ना बघ. प्लग काढ, काळा आहे की ओला ते सांग. एअर फिल्टरमध्ये बर्फ गेलाय का बघ. पातं जमिनीला घासून नेऊ नकोस, इंजिनावर ताण येतो.

बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीनं आदल्या रात्रीची भांडी लावता लावता आमचं बोलणं ऐकलं होतं. तिचा मेसेज आला, "पप्पा, यू नेव्हर टच स्नो बिफोर, हाऊ टू फिक्स लाह?" मी ताईला यादीतली आणखी एक ओळ पाठवली.

ताईनं सगळं केलं. उणे अठरात हातमोजे काढून प्लग उघडला, पुसला, फोटो पाठवला. प्लग ठीक होता. फिल्टर कोरडा होता. त्या दिवशी तिनं गाडी तीनदा थंड होऊ दिली आणि तीन हप्त्यांत रस्ता कसाबसा उघडला. "शर्त मोडली नाही अजून," ती म्हणाली. पण शुक्रवारी पुन्हा पडणार होता, आणि शनिवारी दुपारी तिचा मुलगा येणार होता.

शुक्रवारी सकाळी साडेआठला एक्स्पो स्टेशनवरून ऑफिसकडे चालत असताना भाच्याचा फोन आला. तो मला सहसा वाढदिवसाला आणि दिवाळीला करतो, म्हणून मी एका खांबाशी थांबलो.

"मामा, आई म्हणाली तू गाडी रिपेअर करायला हेल्प करतोयस."

"करतोय. होईल आज-उद्या."

"मामा, प्लीज, नको करूस." मग तो एका दमात बोलत गेला. "तिनं तुला सांगितलं नसेल. डिसेंबरमध्ये ती मागच्या पायऱ्यांवर पडली. वीस मिनिटं तिला उठता येत नव्हतं. फोन किचनमध्ये. तिनं मलाही नाही सांगितलं, मला हॉस्पिटलच्या चिठ्ठीवरून कळलं. शी इज नॉट सेफ देअर. मी तिच्याशी भांडू शकत नाही, ती जिंकते. पण गाडीच चालली नाही तर तिला भांडायला काही राहणार नाही. तू फक्त म्हण की होत नाहीये."

तो रडत नव्हता, पण त्याला रडायचं होतं हे मला कळत होतं. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि आई बर्फात वीस मिनिटं पडून राहिल्याचं त्याला एका कागदावरून समजलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. मी म्हटलं, बघतो. दिवसभर ऑफिसात माझं कशातच लक्ष नव्हतं. वीस मिनिटं म्हणजे किती हे मी मधूनमधून घड्याळात बघत होतो.

शनिवारी सकाळी सातला, तिच्या शुक्रवारच्या संध्याकाळी, तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हँडलला चिकटपट्टीनं बांधला. अंधार, गाडीच्या दिव्यात उडणारा बर्फ, आणि कानटोपी घातलेल्या माझ्या ताईची हनुवटी, एवढंच दिसत होतं. ती पुढे जायची, बर्फ कडेला ढकलायची, मागे यायची. मी वेळ मोजत होतो. चौदाव्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"बघ," ती म्हणाली, आणि फोन सोडवून हातात घेतला, टॉर्च गाडीवर खालपासून वरपर्यंत मारला, मला दिसावं म्हणून.

टाकीच्या झाकणावर निळी प्लास्टिकची पिशवी होती, रबरबँडनं गच्च बांधलेली. पिशवी आत ओढली गेली होती. झाकणाला अगदी चिकटून बसली होती.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट येत नाही, दुसरं पाडावं लागतं, हे स्वयंपाकघरात कुणालाही माहीत असतं. पेट्रोलच्या टाकीचंही तेच. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बंद केलं की काही मिनिटांनी पेट्रोल उतरायचं थांबतं. अर्ध्या तासात हवा इकडून तिकडून झिरपून आत जाते आणि गाडी पुन्हा सुरू होते.

आणि पिशवी बांधायला मीच सांगितलं होतं. नोव्हेंबरमध्ये ती म्हणाली होती, की गॅरेज दाजींच्या सामानानं भरलंय, ते काढायला हात होत नाही, म्हणून गाडी बाहेर पत्र्याखाली ठेवते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, मग झाकणावर पिशवी बांध, नाहीतर पेट्रोलमध्ये पाणी जाईल. पुण्यात पावसाळ्यात आम्ही सगळेच बांधायचो. गाडी लावली की बांधायची, निघताना काढायची. यातला दुसरा भाग मी तिला सांगितलाच नाही, कारण तो सांगावा लागतो असं मला वाटलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

फक्त म्हणायचं होतं, ताई, ती पिशवी काढ. चार शब्द. माझ्या डोळ्यांसमोर मागच्या पायऱ्या आल्या.

"कार्ब्युरेटर गेलाय बहुतेक," मी म्हणालो. "हे घरी होण्यासारखं नाही. वर्कशॉपलाच द्यावी लागेल."

"त्यांच्याकडे दोन आठवडे नंबर नाही."

"मग काय करणार."

"नक्की कार्ब्युरेटरच?"

"हो."

तिनं टॉर्च बंद केला. "बरं," म्हणाली, "दमलास तू पण. जा, चहा घे." आणि फोन ठेवला.

मी चहा घेतला नाही. खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, गेलो, कॉफी घेतली, ती तशीच ठेवून वर आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं मला शहाणा वगैरे काही म्हटलं नाही. इतकंच विचारलं, "मी साठीची झाल्यावर मला असं केलंस तर?" मी फोन उचलला आणि ताईला लावला. तिनं घेतला नाही. पुन्हा लावला. सव्वातास मी लावत राहिलो. ती कुठेतरी बर्फात पडलीय असं चित्र मनातून जाईना, आणि भाच्याला कळवावं तर काय सांगून कळवावं हेही कळेना. स्वतःची इतकी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

पावणेदहाला तिचाच फोन आला. गाल लालबुंद, कानटोपीवर बर्फ, मागे उघडा रस्ता दिव्याच्या उजेडात मोठ्या रस्त्यापर्यंत गेलेला.

"वर्कशॉपला द्यायची तर पेट्रोल किती आहे बघावं म्हणून पिशवीसकटच झाकण उघडलं," ती म्हणाली, "तर आत फुस्स करून हवा ओढली गेली. मुलांना किती वर्षं शिकवलंय मी हे. पिशवी काढली. पाऊण तास चालली, एकदा बंद पडली नाही."

"अरे वा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

ती स्क्रीनकडे बघत होती. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघताना तिचा चेहरा रागीट नसायचा, नुसता थांबलेला असायचा. तसा होता.

"तुला दिसली होती का रे पिशवी?"

नाही म्हणता आलं असतं. अंधार होता, बर्फ पडत होता.

"दिसली होती."

"त्याचा फोन आला होता?"

"हो. तू पडल्याचं सांगितलं त्यानं. ताई, मला माफ कर. मी घाबरलो."

तिनं कानटोपीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाली, "हे सुद्धा घाबरलेच होते. चार महिने छातीत दुखत होतं, मला म्हणायचे ॲसिडिटी आहे. मी काळजी करीन म्हणून. शेवटपर्यंत मला सगळं बरं आहे असंच सांगितलं." तिनं कानटोपी काढली. "तुम्ही लोक माझ्या भल्यासाठी मला आंधळी करता. मग मी पडले तर सांगू कुणाला? सांगितलं की तुम्ही घर विकणार."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ती रडली नाही. आत जाते, पाय गार पडलेत, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाचा तिथे पोहोचला तेव्हा रस्ता साफ होता. ताईनं त्याला पडल्याचं स्वतः सांगितलं, पायऱ्या दाखवल्या, तिथे कठडा लावून घेतला. वसंतात काय करायचं ते वसंतात ती ठरवेल, असं ठरलं. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो माझ्यावर चिडला आणि मग म्हणाला, तुला उगाच मध्ये घातलं मामा.

पण त्यानंतर ताईचे फोन बदलले. दर शनिवारी यायचे, न चुकता. जेवलात का, पोरीची परीक्षा कशी झाली. गाडी कशी आहे विचारलं की, छान. तू कशी आहेस, छान. बर्फ पडायचा, ती काढायची, झालं एवढा मेसेज यायचा. सहा आठवडे मी ते छान ऐकत राहिलो आणि त्यातलं खरं किती ते मला विचारता येईना. खोटं सांगणाऱ्याला खरं मागायचा हक्क नसतो, हे मला मान्य होतं, पण ते सोसवत नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला एका मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मंगळवार म्हणून मी दारातच थांबलो.

"ऐक," ती म्हणाली. "गाडी सुरू होत नाहीये, नुसतं टक टक वाजतंय. आणि काल लाकडं उचलताना हात मुरगळलाय, मनगट सुजलंय. त्यालाही आत्ताच सांगितलं. दोन्ही खरं सांगतेय. आता तूही खरं सांगायचंस. काय बघू आधी, बॅटरी की स्टार्टर?"

मी बूट काढले आणि आत येऊन बसलो.

"आधी मनगट दाखव," मी म्हणालो.